ओळीची पायरी

या बाबांनो, असे जवळ सरकून बसा. एका पायरीची गोष्ट सांगतो. दगडाची नव्हे, अक्षरांची.

ताई संगणकापुढे बसली होती. तिच्या धाकट्या भावाने एक प्रोग्राम लिहिला होता. काळ्या पडद्यावर अक्षरं कशी मांडायची, एवढंच त्याचं काम. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. भाऊ देवाघरी गेला, प्रोग्राम मात्र कुठकुठल्या यंत्रांत राबत राहिला. त्यातल्या पर्यायांची माहिती लिहायचं काम ताईकडे आलं. ठळक, फिकट, अधोरेखित, सगळं लिहून झालं. 'पायरी' नावाचा एकच पर्याय अडला होता.

भावामागे प्रोग्राम सांभाळणारा फोनवर म्हणाला, "ताई, चालवला तरी ढिम्म काही होत नाही. कोडमध्ये नुसत्या रिकाम्या जागा मोजल्यात. ज्याची माहिती नाही ते काढायचं, हा आपलाच नियम. संध्याकाळी काढतो."

"उगाच नसेल रे लिहिलं त्याने."

"मग काय करतो ते सांगा ना!"

तिने पुन्हा चालवून पाहिला. 'नमस्कार' लिहिलं. पडद्यावर नमस्कार. बस्स.

भावाच्या त्या यंत्राचा पंखा घुरघुरला. मागे काठी वाजली. आईला आताशा धूसर दिसे; पंखा ऐकला की तिचा एकच प्रश्न.

"आला का गं?"

मागे वळून पाहायची ताईची छाती झाली नाही. "मी आहे, आई."

"ऊठ, त्याच्या खुर्चीत बसू दे मला. अक्षरं मोठी कर. आणि एवढंसं काय लिहितेस चिक्कूसारखं? तो लांबलचक लिहायचा. माझी ओळ चुकायची, मग मी त्याच्यावरच चिडायची."

ताईने अक्षरं मोठी केली, मनात येईल ते लिहीत सुटली. ओळ पडद्यात मावेना. उरलेली खाली उतरली आणि दोन अक्षरांइतकी आत उभी राहिली; कुणी हाताने सरकवावी तशी. 'पायरी' ती हीच.

आईचं बोट काठापर्यंत गेलं, खाली आलं, त्या मोकळ्या जागेत थांबलं.

"हं. इथं बोट धरायचा माझं."

ताईने लिहिलं: 'लांब ओळ मोडली की उरलेला भाग किंचित आत सुरू होतो, वाचणाऱ्याची ओळ चुकू नये म्हणून.' कोणासाठी, ते लिहिलं नाही. तशी रीत नसते.

"राहू देतो, ताई," सांभाळणारा म्हणाला.

यंत्र बंद झालं, पंखा निवला. आईचं बोट काळ्या पडद्यावर तिथंच होतं.

तेव्हा बाबांनो, कधी एखादी ओळ अशी आत सरकलेली दिसली, तर क्षणभर थांबा. त्या लेकराची आठवण असू द्या.