आंबट वायू

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सूचनाफलकांचं काम मिळालं तेव्हा भाषांतरकार बाई खूश होत्या. इंग्रजी मजकुरात 'सावर गॅस' असा शब्द आला. सावर म्हणजे आंबट. त्यांनी 'आंबट वायू' लिहून टाकलं, आणि फलक रंगून टाक्यांपाशी लागलेसुद्धा.

त्यांची मोठी नणंद त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढताच तिला हसू फुटलं.

"अगं, तुझ्या फलकानं धमाल उडवलीय. कुणी ढेकर दिला की सगळे ओरडतात, आंबट वायू सुटला, पळा!"

बाईही हसल्या. "पण वन्सं, तो खरंच आंबट असतो का हो?"

"छे गं. पूर्वी म्हणे तेल चाखून बघायचे. गंधक जास्त असलं की तेल आंबट, कमी असलं की गोड. तो शब्द तेव्हापासून चिकटलाय." नणंदेनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यातला वायू मात्र जीवघेणा. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, मग नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. आणि माणूस बिनधास्त आत शिरतो."

सकाळी उठून बाई थेट कारखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेल्या.

"शब्द बरोबर आहे ना, बाई? मग पुन्हा रंगवायचं कशाला?"

"बरोबर आहे, पण कुणी घाबरत नाही त्याला. ह्या दादांनाच विचारा."

दाराशी उभा असलेला वेल्डर लाजला. "अपचनाचं काहीतरी असेल, साहेब."

व्यवस्थापकांना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. आठवडाभरात नवे फलक लागले: 'विषारी वायू. वास गेला तरी आत जाऊ नका.'

पुढे एकदा पंपाच्या सांध्यातून हा वायू गळू लागला. वेल्डर आणि त्याचा जोडीदार जवळच होते. वास आला, आणि थोड्या वेळात गेला. जोडीदारानं पुढे जायला हत्यारं उचलली. वेल्डरनं त्याची कॉलरच धरली.

"थांब. वास गेलाय, म्हणूनच थांब!"

दोघं बाहेर पळाले, भोंगा वाजला, वायुरोधक मुखवटे घातलेल्या पथकानं गळती बंद केली.

नणंदेनं हे जेवताना सांगितलं. बाईंचा घास हातातच राहिला, डोळे भरून आले.

"अगं, जेव ना," नणंद म्हणाली. "सगळे सुखरूप घरी गेलेत."