फुकट कोण देते?

दुर्गाबाईंनी दर्यापूरच्या वाचनालयात चौतीस वर्षं काढली. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कोणी कोणत्या साली नेलं आणि पानावर हळदीचे डाग पाडून परत आणलं, सारं तोंडपाठ. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी समितीच्या बैठकीत त्यांची खुर्ची अध्यक्ष केशवरावांच्या शेजारीच असे. म्हणून त्या रविवारी त्या जे बोलल्या, ते सगळ्यांनी खरंच धरलं.

झालं होतं असं. वाचनालयात इंटरनेट जोडलं आणि पुस्तकांच्या नोंदींचा जुना प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर परवाना मागू लागला. दुर्गाबाईंच्या जागेवर आलेली पौर्णिमा, धर्मपाल कंडक्टरची मुलगी, अजून हंगामी होती. तिनं आठ दिवसांत दुसरा प्रोग्राम शोधून बसवला आणि बैठकीत आनंदानं सांगितलं, "फुकट भेटला."

"फुकट कोण देते वं दुनियेत?" दुर्गाबाई म्हणाल्या. "चोरीचा माल असन. वाचनालयाचं नाव घालवशीन!"

पौर्णिमाचा चेहरा उतरला. तिला कायम करायचा ठराव त्याच दिवशी व्हायचा होता. केशवरावांनी तो पुढल्या रविवारावर टाकला.

बुधवारी दुर्गाबाई स्वतः वाचनालयात गेल्या. चोरी पकडायलाच गेल्या म्हणा ना. पौर्णिमानं इंटरनेटवरची एक यादी उघडून दाखवली. विकतच्या प्रोग्रामचं नाव टाकलं, की त्याच कामाचे खुले, म्हणजे कोणीही फुकट वापरावेत असे, प्रोग्राम एकाखाली एक येत. प्रत्येकापुढे करणाऱ्यांची नावं, शेवटची दुरुस्ती कधी झाली ते, आणि परवाना. ही तर आपली विषयवार सूची, दुर्गाबाईंच्या मनात आलं. त्यांनी स्वतः तीनदा हातानं लिहून काढली होती तशीच.

"परवान्यात काय लिवलं?"

"वापरा, वाटा, आतून उघडून पाहा, पायजे तं बदला. करणाऱ्याचं नाव तेवढं पुसू नका."

"पण हे लोक देतात कावून?"

"तुमी लोकाइले पुस्तकं कावून देत होत्या, बाई?"

दुर्गाबाई यादीतली नावं वाचू लागल्या. पौर्णिमा पुढे म्हणाली, "जुन्या प्रोग्रामातल्या नोंदी काढाच्या हायेत. कंपनी पावतीचा नंबर मागते. पावती कुठं ठेवली तुमी?"

पावती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या व्हरांड्यात आल्या आणि अकोल्याला बहिणीच्या मुलाला, विपुलला, फोन लावला. तो प्रोग्राम त्यानंच बसवून दिला होता.

"पावती?" विपुल हसायलाच लागला. "मावशी, थे कुठं इकत घेतलं होतं! परवान्याचं कुलूप तोडून टाकलं होतं. तुमीच तं म्हणल्या, कसंई कर पण वाचनालयाचा खर्च वाचव. नेट लावू नका म्हणलं होतं मी, आठवते का?"

आठवत होतं. प्रोग्राम बसवताना विपुलनं दार लोटून घेतलं होतं, हेही आठवत होतं. कसं केलंस, असं आपण मुद्दाम विचारलं नव्हतं, तेही. आणि आता आणखी एक गोष्ट लख्ख कळत होती: केशवरावांच्या सुनेनं तो प्रोग्राम आणला असता, तर 'चोरी' हा शब्द आपल्या तोंडात आलाच नसता. कंडक्टरच्या मुलीसाठी तो कसा पटकन आला. त्या पौर्णिमाकडे न बघताच घरी गेल्या.

रविवारी पौर्णिमानं रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. "श्रीमती दुर्गाबाई यांनी सदर प्रोग्राम चोरीचा असल्याचे सांगितले." आवाज सपाट होता. दुर्गाबाई उठल्या.

"थे बरोबर नाई. पोरीनं आणलेला प्रोग्राम रीतसर आहे. आपला जुना इकत घेतलेला नव्हता. माह्या भाच्यानं... म्हणजे माहीच चूक झाली."

"अवो बाई, एवढंच ना!" केशवराव हसले. "सारी दुनिया तसंच करते. लिवा ठराव, पोरगी कायम. पण पौर्णिमा, याच्यापुढं काई आणशीन तं इचारून आणत जाय."

सगळे हसले. चहा आला. आठ दिवसांपूर्वी नुसत्या संशयावर पोरीची नोकरी अडवणारी तीच माणसं! दुर्गाबाईंना ती सहज मिळालेली माफी कपाळावर मारल्यासारखी वाटली.

पौर्णिमा मात्र पेन धरून थांबली होती. "बाई, इतिवृत्तात काय लिवू? चूक, का चोरी?"

"थे लिवनं कावून लागते?" केशवराव म्हणाले.

ही इतिवृत्ताची वही कपाटात राहणार, पुढली माणसं ती उघडणार, हे दुर्गाबाईंइतकं कोणाला माहीत असणार?

"चोरी लिव," त्या म्हणाल्या. "माह्या नावानिशी लिव. भाच्याचं नाव नको, त्याले सांगणारी मी होती."

पौर्णिमानं खाली मान घालून लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. दुर्गाबाईंनी सही केली. मान वर करून पौर्णिमाकडे पाहायचा धीर त्यांना झाला नाही.