सगुणाबाईंची चौकशी

रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर सगुणाबाईंची उजव्या हाताची दोन बोटं गेली. हाताला आडोसा देणारा मशीनचा गार्ड महिनाभर मोडलेला होता. पण दोष कुणाचा, हे काही ऐऱ्यागैऱ्यानं ठरवायचं नसतं. म्हणून कंपनीनं तीन साहेबांची समिती नेमली आणि समिती एसी खोलीत काजू खात बसली. मशीन बघायला कुणी गेलं नाही. तिथं म्हणे फार आवाज असतो.

पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाई समोर बसल्या. "म्या तक्रारवहीत तीनदा लिवलंय साहेब, गार्ड मोडलाय म्हणून."

मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे धोका तुम्हाला माहीत होता! तरी हात घातलात?"

"सुपरवायझर म्हणला, जमत नसंल तर उद्यापासून येऊ नका."

"तो आग्रह झाला बाई, सक्ती नव्हे."

"आन् तक्रार केलीच नसती तर?"

"तर न कळवल्याचा दोष आलाच की तुमच्यावर!"

चहा येईस्तोवर अहवाल टाइप होऊन आला. चूक बाईंची निघाली. "सही जमत नसेल तर अंगठा चालेल," साहेब मायेनं म्हणाले.

बाईंनी डाव्या हातात पेन धरलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'मान्य न्हाई.'

तिघांनी कागद निरखून पाहिला. मग अहवालात एक ओळ वाढली : सदर महिला डाव्या हाताने उत्तम काम करू शकते, सबब नुकसान किरकोळ.