डावी बाजू

सूझाफोन हे बँडमधलं भलंमोठं फुंकवाद्य अंगात चढवलं की ऑलिडोरला डावीकडचं काही दिसत नसे. पितळेचं ते वेटोळं डाव्या खांद्यावर बसायचं, कर्णा डोक्यावर उघडायचा आणि त्या बाजूची माणसं, खांब, खड्डे सगळं पितळेआड जायचं. बत्तीस वर्षं त्याला याची काळजी नव्हती, कारण तिथे क्लोटिल चालायची. पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन त्याची बायको त्याच्या डाव्या कोपराशी असायची आणि बोटातल्या अंगठीनं नळीवर वाजवायची. एकदा टक् म्हणजे वाट मोकळी. दोनदा टक् टक् म्हणजे उजवीकडे सरक.

मार्चमध्ये क्लोटिल गेली. त्यानंतर तो चार मिरवणुकांत वाजवून आला आणि चारही वेळा नुसत्या भीतीनं त्याचा सदरा भिजला. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आज रविवारी बँड उभा राहिला तेव्हा त्याची मुलगी नादीन डावीकडे येऊन थांबली. तिला सातवा महिना होता.

"तू घरी जा," तो म्हणाला.

"आईच्या जागी मी चालणार आहे. खुणा येतात मला. वाजवायला किल्ली घेतलीय."

"या पोटानं?"

"माझ्या पोटाचं मी बघते. तू तुझा पितळी भोपळा सांभाळ."

ढोलवाला पर्सी खो खो हसला. "ऐक रे म्हाताऱ्या! अगदी क्लोटिल बोलतेय."

ऑलिडोरला हसू आलं नाही. पण मिरवणूक काढणारे क्लबवाले झालरीच्या छत्र्या उघडून नाचायला लागले होते आणि ट्रम्पेट सुरू झाला होता. त्यानं तोंड लावलं.

मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली शिरेपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे आवाज घुमतो म्हणून बँड नेहमी रेंगाळतो. गर्दी दाटली. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे जाड खांब होते. ऑलिडोर चार सुरांची चाल पुन्हा पुन्हा वाजवत होता.

तेवढ्यात मागे गोळी सुटावी तसा फाडकन आवाज झाला.

कुणीतरी किंचाळलं. ट्रम्पेट बंद पडला. माणसं पुढे ढकलायला लागली.

अकरा वर्षांपूर्वी असाच आवाज झाला होता आणि ऑलिडोर वाजवायचा थांबला होता. ज्याच्यावर सगळे पावलं टाकतात तो खालचा सूर थांबला तसे लोक पळत सुटले. चेंगराचेंगरीत एका म्हातारीची मांडी मोडली, ती पुन्हा कधी चालली नाही. तेव्हापासून बँडमध्ये एकच नियम होता: काही झालं तरी सूझाफोन आणि ढोल थांबायचे नाहीत.

"थांबू नकोस!" पर्सी ओरडला.

तो थांबला नाही. पण नादीन कुठे होती? मान वळत नव्हती. वळली असती तरी पितळच दिसलं असतं. सूझाफोन डोक्यावरून काढायला दोन्ही हात लागतात आणि तेवढ्या वेळात सूर तुटला असता. मुलगी पायाखाली आली असेल, असं त्याच्या मनात आलं. तरी तो फुंकत राहिला. तेच चार सूर.

टक्.

एकदाच. वाट मोकळी. त्याच्या जिवात जीव आला. गर्दीला जागा द्यावी म्हणून तो डावीकडे एक पाऊल सरकला. खांद्याला काहीतरी मऊ लागलं. तो आणखी रेटणार, इतक्यात नळीवर कुणीतरी मुठीनं धाडधाड मारलं. तो दचकून उजवीकडे झाला.

गर्दी हळूहळू सैल झाली. लोक धावण्याऐवजी पुन्हा चालू लागले. ट्रम्पेट परतला. मागून कुणीतरी सांगत आलं, सॉसेजवाल्याच्या गाडीचं टायर फुटलंय.

उन्हात आल्यावर त्यानं सूझाफोन उतरवला. नादीन पदपथावर बसली होती. एक चप्पल नव्हती, कोपर सोललं होतं, दोन्ही हात पोटावर.

"बाबा, मी दोनदा वाजवलं! मी खांबाला टेकले होते आणि तू माझ्यावरच आलास!"

"एकच ऐकू आली गं."

"दोनदा वाजवलं. दुसरी तर बरोब्बर तालावर."

पर्सीनं ढोल खाली ठेवला. "तालावर? अगं, तालावर माझा ढोल असतो. दुसरी टक् मीच खाल्ली."

ऑलिडोर तिच्याशेजारी बसला. क्लोटिल कधीच तालावर वाजवत नसे. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजवायची. बत्तीस वर्षं त्यानं ते ऐकलं होतं, पण कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

"बाळ?" त्यानं विचारलं.

"लाथा मारतंय. तुझ्यावर चिडलंय."

ऑलिडोरनं सदऱ्याच्या गुंड्या सोडून गळ्यातली साखळी काढली. मार्चपासून ती त्यानं आंघोळीलाही काढली नव्हती. साखळीतली क्लोटिलची अंगठी त्यानं नादीनच्या हातावर ठेवली. सुजलेल्या बोटांत ती जाईना, शेवटी करंगळीत गेली.

"आज घरी जा," तो म्हणाला. "बाळ झालं की ये. तोवर पर्सीचा ढोल ऐक आणि मधे वाजवायला शीक."

"आणि तोवर तुझ्या डावीकडे कोण?"

पर्सीनं ढोल उचलून गळ्यात अडकवला आणि आपली उजवीकडची जागा सोडून तो डावीकडे येऊन उभा राहिला.

"मी नुसती लाथ घालीन," तो म्हणाला. "चल, उठ."

ऑलिडोरनं सूझाफोन अंगात चढवला. डावी बाजू पुन्हा पितळेआड गेली. ढोल सुरू झाला. पदपथावरून नादीननं, ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधे, लोखंडी कठड्यावर एकदा अंगठी वाजवली.