न आवरणारं हसू

बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून भगवानरावांचं मोटारी भरायचं दुकान होतं. आसपासच्या शेतांतल्या जळक्या पाणमोटारी नवी तार भरायला त्यांच्याकडे यायच्या. एका दुपारी तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ते स्टुलावरून कलंडले. मुलगा तानाजी त्यांना गाडीत घालून गुलबर्ग्याला घेऊन गेला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे, असं डॉक्टर अमृतप्पांनी सांगितलं.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. मेंदूत रक्तस्राव झालेला माणूस किती सावरतो, पुढं त्याला काय काय त्रास होतात, याचा त्या दवाखान्यात अभ्यास चालू होता. तानाजीनं वडलांचं नाव त्यात घातलं. अभ्यासात असलं की जास्त लक्ष देतील, असं त्याला वाटलं. त्या कामावरची संध्या बिदरच्या मैलूरची. ती अधूनमधून फोन करायची. चालतात का, घास नीट गिळतात का, बटणं लावता येतात का, असं विचारायची.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी भगवानराव पहिल्यांदा हसले. त्यांची बायको कमलबाई भाकरी थापत होत्या, त्या पिठाच्या हातानंच बाहेर धावल्या.

"तान्या, आरं बघ, तुझे अप्पा हसायलेत!"

त्या दिवशी त्यांनी शेजारीपाजारी साखर वाटली.

पण हसू थांबेना. वीज गेली तरी हसू, तानाजी चिडला तरी हसू. एकदा कमलबाईंचा हात तव्याला लागून पोळला. त्या कळवळल्या आणि भगवानराव खदाखदा हसत सुटले. कमलबाईंनी रागानं वर पाहिलं. तोंड हसत होतं, डोळे मात्र भेदरले होते.

"कामून हसायलाव तुमी?"

"मी न्हाई," ते कसेबसे बोलले. "मी... न्हाई."

उन्हाळ्यात त्यांचे थोरले भाऊ श्रीमंतअण्णा वारले. वडील लहानपणीच गेलेले. अण्णांनीच भगवानरावांना वाढवलं होतं, हैदराबादेत ठेवून कारागिरी शिकवली होती. मागच्या गल्लीत त्यांचं घर. कमलबाई नको म्हणत होत्या, पण भगवानराव डाव्या हातानं दाराची चौकट धरून उभेच राहिले. शेवटी तानाजीनं त्यांना आधार देऊन नेलं.

अंगणात अण्णांना ठेवलं होतं. भावजय शेवंताबाई उशाशी बसल्या होत्या. भगवानराव खाली बसले, त्यांनी अण्णांच्या पायांवर हात ठेवला. ओठ थरथरले. आता रडतील, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात हसू फुटलं. मोठ्यानं, पोट धरून हसावं तसं. बायकांचा आक्रोश एकदम थांबला. त्या शांततेत ते हसणं आणखीच मोठं वाटायला लागलं. कमलबाईंनी पदराचा बोळा त्यांच्या तोंडाशी धरला, तरी ते थांबेना. भगवानरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"न्या त्याला हितून," शेवंताबाई म्हणाल्या. "न्या म्हणते ना!"

तानाजीनं वडलांना उचलूनच बाहेर काढलं. भगवानरावांना भावाला खांदा देता आला नाही, माती देता आली नाही.

पुढं संध्या घरी आली. नेहमीचे प्रश्न झाल्यावर तिनं विचारलं, "हसू किंवा रडू आवरत न्हाई, असं कधी होतं का?"

कमलबाईंनी सगळं सांगितलं, सांगता सांगता त्यांना हुंदका आला. पलंगावर बसलेले भगवानराव हसायला लागले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मावशी, हा आजारच हाय," संध्या म्हणाली. "मनात दुःख असलं तरी तोंडावर हसू येतं. त्यांचा काही दोष न्हाई."

"मग औषध असंल की!"

"डॉक्टरांना दाखवू."

संध्याबरोबर ते सगळे गुलबर्ग्याला गेले. अमृतप्पांनी पुन्हा मेंदूचा फोटो काढायला लावला आणि तो बराच वेळ पाहिला.

"गोळी आहे," ते म्हणाले. "हसू कमी होतं त्यानं. पण यांच्या मेंदूत आणखी बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. बीपीही खाली येत नाही. त्या गोळीनं पुन्हा रक्त सुटेल का, याची भीती वाटते."

"सुटंल का, न्हाई का, तेवढं सांगा," तानाजी म्हणाला.

"तेच आम्हाला नक्की माहीत नाही. त्यासाठीच तर अभ्यास चाललाय. काही वर्षं लागतील."

"द्या," भगवानराव मध्येच म्हणाले. "गोळी... द्या."

अमृतप्पांनी मान हलवली. "आत्ता नाही, अप्पा. आधी बीपी उतरू द्या."

भगवानराव हसले. त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळलं नाही.

परत येताना कमलबाईंनी संध्याला गळ घातली. "माझं कोण ऐकंना. तू शिकलेली हायस, अक्काला तूच सांग." संध्या लगेच तयार झाली. शेवंताबाईंच्या ओसरीवर बसून तिनं सगळं समजावलं. मेंदूत इजा कुठं झाली, हसू का येतं, सांगायचं काही ठेवलं नाही.

"कळलं बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "रोग हाय. भगवान असा न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय? मीच भरवलाय त्याला. पर डोळं मिटलं की ते हसणंच ऐकू येतंय. त्याला मी काय करू?"

कमलबाईंनी जावेच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेवंताबाईंनी तो झिडकारला नाही, पण स्वतःचा हातही त्यावर ठेवला नाही.

त्यानंतर भगवानराव घराबाहेर पडेनात. कुणी आलं की ते आतल्या खोलीत जायचे. बीपी कधी उतरायचं, कधी चढायचं, आणि दर खेपेला डॉक्टर थोडं थांबू म्हणायचे.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला तानाजी आणि कमलबाईंना बोलावणं आलं. भगवानरावांना नव्हतं. कमलबाई गेल्या नाहीत. दुपारी शेवंताबाईंनी ताट पाठवलं. वरणभात, पुरणपोळी, कढी, खीर, सगळं नीट वाढलेलं.

"अण्णाचं?" भगवानरावांनी विचारलं.

"व्हय."

कमलबाईंनी भात कालवून घास भरवला. तो तोंडात असतानाच त्यांना हसू फुटलं. घास चुकीच्या वाटेनं गेला आणि जोराचा ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. कमलबाईंनी ताट बाजूला सारलं, त्यांना पुढं वाकवलं आणि पाठ चोळायला लागल्या. भातशितं अंथरुणावर सांडली. ठसका थांबला की हसू यायचं, हसू आलं की पुन्हा ठसका.

"हळू," त्या म्हणत होत्या. "हळू. मी हाय हितं."