वेगळं पातेलं

उद्धव मास्तरांच्या रक्तातलं पोटॅशियम पुन्हा साडेसहाच्या वर गेलं, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, प्रमोदिनीला, बाजूला घेऊन विचारलं, हे खातात तरी काय? तिने सगळं सांगितलं. भाजी उकळून पाणी फेकते, भात मोजून घालते, चिंच नाही, टोमॅटो नाही. डायलिसिसचा एकही वार चुकवलेला नाही. डॉक्टर म्हणाले, मग कुठून तरी येतंय. पुढच्या वेळी कंधारहून इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही.

घरातला डबा न् डबा तिने तपासला. काही सापडेना. मग बुधवारी मास्तरांना गोळी देताना त्यांच्या बोटांना भाजलेल्या तिळाचा वास आला. आजार निघाल्यापासूनच्या आठ महिन्यांत तिच्या घरात तीळ आला नव्हता.

शेजारच्या वहिदाशी तीस वर्षांची भिंतीला भिंत. तिची मसुराची खिचडी आणि सोबत तिळाचं आंबट खट्टं हाच मास्तरांचा नाश्ता. आणि येसराची आमटी वहिदाच्या घरी गेली ती प्रमोदिनीच्या हातून. आजार निघाल्यावर, मीठ बंद आहे, एवढंच सांगून प्रमोदिनीने ताटांची ये-जा थांबवली होती.

गुरुवारी सकाळी मास्तर दाढीला बसले, तशी ती परसातून वहिदाच्या स्वयंपाकघरात शिरली आणि दार ओढून घेतलं. गॅसवर दोन पातेली होती. लहान कुणाचं, हे विचारावं लागलं नाही. तिने ते उचलून मोरीत पालथं केलं.

वहिदा बघतच राहिली. वर्षभरात गल्लीतल्या बऱ्याच घरांनी तिचं ताट घेणं सोडलं होतं.

“तुमी बी, ताई?”

प्रमोदिनीने मान हलवून रिकाम्या पातेल्याकडे बोट दाखवलं. तेव्हा वहिदानेच फळीवरचं पाकीट काढून पुढं केलं.

“मास्तर म्हनले म्हून चिंच न्हाई घातली, कैरी हाय. मीठ बी येगळं, कमी सोडियमचं. माज्या पोरानं, शारिकनं, लई दुकानं फिरून आनलं. मास्तरांना अळणी गिळवत न्हाई. हितं बसून रडले ते.”

प्रमोदिनीने पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं होतं. त्या दिवशी तिने नुसतं ‘मीठ’ म्हटलं होतं. पोटॅशियमचं पुढचं एक वाक्य सांगितलं असतं तर.

“आपा, हेच चढतंय त्यांच्या रक्तात. यानंच हृदय बंद पडतं.”

ते मीठ घालायला लागल्यापासूनचे महिने वहिदा बोटांवर मोजायला लागली. चौथ्या बोटाशी थांबली आणि खाली बसली. मग म्हणाली,

“मंग त्येंनी खायचं काय?”

घरचं ताट ते दोन घासांवर सारत. वजन अकरा किलोनं उतरलं होतं.

परसदाराची कडी वाजली. दोनदा, हळूच, सवयीची.

दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

“आपा,” बाहेरून मास्तर म्हणाले, “खिचडी झाली का?”