शंभर किलोंत तीन किलो टरफलं

सासऱ्यांचा हेकाच तसा होता. कोंबडीच्या पिल्लाला खाद्य मऊसूत हवं, चोथा गुरांनी खावा. बावीस वर्षं ते स्वतः खाद्य दळत आले होते आणि त्यात दुसऱ्या कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. सून मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. जमिनीवर अंथरलेला लाकडाचा भुसा पिल्लं टिपून खातात, हे बघून ती सरळ म्हणाली, "बाबा, यांना चोथा कमी पडतोय. शंभर किलोंत तीन किलो ओटची टरफलं घालू या. न दळता, जाडीभरडी."

हुज्जत झाली, अबोला झाला, शेवटी शेडच्या मधोमध जाळी ठोकली गेली. डावीकडची हजार पिल्लं सुनेची, उजवीकडची हजार सासऱ्यांची. खाद्य ज्यानं त्यानं कालवायचं, भांडी नेहमीप्रमाणे सासूबाई भरणार.

"तुझी जास्त मेली, तर खाद्याच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही," सासरे म्हणाले.

तिनं मान डोलावली खरी, पण या घरात तिला जीव लावून करावंसं वाटणारं, पिल्लांच्या खाद्याचं, एवढं एकच काम होतं. बाकी नुसती उष्टी-खरकटी.

बाराव्या दिवशी सकाळी उजवीकडे सहा मेलेली निघाली. डावीकडे एकोणीस.

सासऱ्यांनी लगेच गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी डावीकडचं एक मेलेलं पिल्लू पत्र्यावर उताणं केलं आणि दाणे भरडणारा पेटा चिरला. पेटा लिबलिबीत, आणि आत लाकडाच्या भुशाचा घट्ट बोळा. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच.

"टरफलं घातली होती ना?" बाईंनी विचारलं. "एकही दिसत नाही."

"मोजून घातली होती," सून म्हणाली. तिनं धावत जाऊन डावीकडच्या भांड्यातलं मूठभर खाद्य आणलं. टरफल सोडाच, त्यात मक्याची जाडसर कणीसुद्धा नव्हती. नुसतं पीठ.

तिनं वर बघितलं. दाराशी सासूबाई उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. सुनेला सगळं कळलं, आणि असा संताप आला की हातातलं पीठ भिरकावून द्यावं.

"काय घातलंस त्यांना?" सासऱ्यांचा आवाज चढला.

खरं सांगावं, तर परक्या बाईसमोर सासूची शोभा. सून म्हणाली, "चुकलं माझं."

"तिचं काही चुकलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी तिचं खाद्य चाळत होते. रोज, भांडी भरायच्या आधी. म्हटलं, टरफल घशात अडकून पिल्लं मेली तर पोरीचं काम जाईल. तिचं काम जाऊ नये म्हणून चाळलं हो."

बाईंनी उजवीकडचं एक मेलेलं पिल्लू चिरलं. त्याच्याही पेट्यात भुसाच होता.

"इकडचीही त्याच वाटेवर आहेत," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "दळणात थोडी कणी राहते, डावीकडे चाळणीनं तीही निघून गेली, म्हणून तिकडे जास्त मेली. जाडंभरडं काही मिळालं नाही, की पिल्लं भुसा खाणारच."

सासरे उठले आणि टरफलांचं पोतं स्वतःच ओढत घेऊन आले.

"दोन्हीकडे घालू," ते सुनेला म्हणाले. "किती घालायचं ते तू सांग, मी मोजतो."